पेटीतला अ‍ॅम्प, मांडवातला आवाज

बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी, केज, गेवराई. या गावांत आज इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी जी मुलं आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी व्हॉल्व्हचा अस्सल मार्शल किंवा फेंडर अ‍ॅम्प शेजारी उभं राहून कधी ऐकलेला नाही. ऐकायला तो आहे कुठे? ऑर्केस्ट्रावाल्याकडे नाही, क्लासवाल्याकडे नाही, गॅदरिंगला येणाऱ्या साउंडवाल्याकडे तर नाहीच नाही. तरीही यांच्यातल्या एखाद्याच्या पायाशी जी वीतभर पेटी पडलेली असते, तिच्यात तसल्या अ‍ॅम्पच्या पन्नास-साठ नकला भरलेल्या असतात. तो पायाने बटण दाबतो आणि हवी ती सुरू करतो. अस्सल वस्तू न बघता तिची नक्कल वापरायची, आणि तीही चांगली वापरायची, असा हा मामला आहे.

मोठ्या शहरातल्या स्टुडिओत बसून दिलेल्या सल्ल्यांत ही गोष्ट धरलेली नसते. तिथे वाद चालतो तो अमुक पेटी खऱ्या अ‍ॅम्पच्या किती जवळ जाते याचा. तो वाद खोटा नाही, पण तो आपला नाही. ज्याने मूळच ऐकलेलं नाही त्याला नव्वद टक्के आणि नव्याण्णव टक्के यांतला फरक सांगून उपयोग काय? आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. हा आवाज शेवटी कशातून बाहेर पडणार? मांडववाल्याच्या भोंग्यातून, डीजेच्या टॉपमधून, वरातीच्या टेम्पोवरच्या पेटीतून, की कानातल्या हेडफोनमधून? याचं उत्तर आधी ठरवावं आणि मग दुकानात जावं, एवढंच या पुस्तिकेचं म्हणणं आहे. पुढची सगळी पानं या एका गोष्टीचा हिशेब मांडण्यात गेली आहेत.

नक्कल कशाची हे मात्र माहीत हवं. गिटारच्या पिकअपमधून निघणारी वीज व्होल्टच्या अंशात मोजावी इतकी क्षीण असते. ती वाढवायला व्हॉल्व्ह, आणि वाढलेली वीज हवेत सोडायला बारा इंची स्पीकर, एवढाच जुना अ‍ॅम्प. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. तिथे १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून त्यांनी अमेरिकेतल्या फेंडर बेसमनचं सर्किट समोर ठेवलं आणि जेटीएम ४५ नावाचा अ‍ॅम्प तयार केला. हे अ‍ॅम्प पूर्ण उघडले की आवाजाच्या लाटेचे शेंडे चपटे होतात, त्यातून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर जन्माला येतात आणि आवाज खरखरीत, भरलेला, लांबणारा होतो. बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष होता. वाजवणाऱ्यांना तोच आवडला. आपण ज्याला सरसकट डिस्टॉर्शन म्हणतो ते हे.

यातली दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. व्हॉल्व्ह जी खरखर तयार करतात, तिच्यातला बोचरा भाग तो स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी गिळून टाकतात. म्हणजे रेकॉर्डवर ऐकू येणारा गिटारचा आवाज निम्मा अ‍ॅम्पचा आणि निम्मा स्पीकरचा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मांडवातली निम्मी भांडणं ते विसरल्यामुळे होतात.

शंभर वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणि चार स्पीकरची पेटी मिळून पन्नास-साठ किलोचं ओझं होतं. हे ओझं टाळायची धडपड जुनी आहे. बॉस्टन या बँडचे टॉम शोल्झ हे एमआयटीत शिकलेले इंजिनिअर. त्यांनी १९८२ मध्ये रॉकमन नावाचा पट्ट्याला अडकवायचा हेडफोन अ‍ॅम्प आणला. १९८९ मध्ये अँड्र्यू बार्टा यांचा सॅन्सअ‍ॅम्प आला. हे दोन्ही डिजिटल नव्हते. १९९५ मध्ये रोलँडने व्हीजी ८ काढला, १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लाइन सिक्स कंपनीने अ‍ॅक्सिस २१२ हा अ‍ॅम्प आणि १९९८ मध्ये पॉड नावाची लाल, हातात मावणारी पेटी. पॉड आल्यावर मात्र चित्र पालटलं, कारण घरात बसून रात्री कोणाची झोप न मोडता मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज रेकॉर्ड करता येऊ लागला.

तोवरची पद्धत सर्किटची नक्कल करायची होती. म्हणजे कुठला भाग विजेवर काय परिणाम करतो याचं गणित मांडायचं आणि ते चिपकडून वेगाने सोडवून घ्यायचं. २०११ मध्ये ख्रिस्टोफ केम्पर या जर्मन माणसाने दुसरी वाट दाखवली. खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक चाचणीचे आवाज सोडायचे, बाहेर काय येतं ते मोजायचं आणि त्याचा ठसा उतरवून घ्यायचा. पुढे फिनलंडच्या न्यूरल डीएसपीने या कामाला मशीन लर्निंगची जोड दिली. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी तर न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं ठेवलं. त्याचा परिणाम असा, की केजमधल्या मुलाकडे जुना लॅपटॉप आणि साधा ऑडिओ इंटरफेस असेल तर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उतरवलेला ठसा त्याला एक पैसा न देता वापरता येतो. दोन्ही पद्धतींतला एक फरक वापरताना जाणवतो. सर्किटच्या नकलेत बटणं फिरवली की मूळ अ‍ॅम्पवर होईल तसा बदल होतो. ठशाचं तसं नाही. अ‍ॅम्पची बटणं ज्या जागी असताना ठसा घेतला, त्या जागेपुरताच तो खरा असतो. गेन बराच कमी-जास्त करायचा असेल तर दुसरा ठसा शोधावा लागतो.

इथवर गिटार. आता बेंजो.

बीड जिल्ह्यात या पेट्यांना राबवून घेणारा माणूस गिटारवाला कमी आणि बेंजोवाला जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. या वाद्याचा मूळपुरुष जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचं तंतुवाद्य केलं. ते आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं, आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप बसून ते मिरवणुकीचं बेंजो झालं. अमेरिकेतल्या कातडं ताणलेल्या वाद्याशी याचा संबंध नाही. रवी जाधव यांच्या २०१६ मधल्या 'बँजो' या हिंदी सिनेमात रितेश देशमुखने मुंबईतला बेंजोवाला रंगवला. मराठवाड्यातल्या बेंजो पार्टीवर मात्र कोणी कॅमेरा रोखलेला माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडची बेंजो पार्टी म्हणजे पुढे हलगी आणि ढोल, मागे टेम्पोवर कॅसिओ, ऑक्टोपॅड, जनरेटर, आणि या सगळ्यांच्या मधोमध मांडीवर किंवा स्टँडवर बेंजो. कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली माणसं कोयता खाली ठेवून गावी येतात, आणि पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत व त्याच्याही पुढे लग्नांची एकच गर्दी उडते. सकाळी परण्या, संध्याकाळी वरात. मध्ये १४ एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुका. गाणाऱ्याच्या जागी बेंजो असतो, गाण्याची चाल तोच गातो. त्याच्या आवाजाला ताण आणि लांबी हवी असते, म्हणून बेंजोवाला गिटारचा प्रोसेसर, म्हणजे हीच नकलांची पेटी, जोडतो. विजेच्या भाषेत यात काहीच वावगं नाही. पोलादी तारा आणि खाली चुंबकाचा पिकअप ही मांडणी गिटारची तीच बेंजोची.

अडचण वेगळीकडे आहे. बेंजोत एकाच स्वराला लावलेल्या दोन-तीन तारा एकदम छेडल्या जातात आणि बाजूला आसेच्या तारा घुमत असतात. डिस्टॉर्शनचा स्वभाव असा, की एका स्वरातून तो त्याच्या पटीतले वरचे स्वर काढतो, पण दोन स्वर एकदम दिले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर काढतो, आणि ते कुठल्याच रागात बसत नाहीत. तारा केसभर जरी बेसूर असल्या तरी साध्या आवाजात जी गोड लहर वाटते, तिचा डिस्टॉर्शनमध्ये गाळ होतो. गिटारवाल्याने बनवलेला लीडचा पॅच, म्हणजे पेटीत साठवलेली सेटिंग, बेंजोला जसाच्या तसा लावला की चाल ओळखू येत नाही ती यामुळे. पेटी वाईट नसते.

उपाय सोपे आहेत आणि बरेचसे फुकट. आसेच्या तारांखाली कापडाची घडी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून त्या गप्प कराव्यात. चालीच्या तारांपैकी एकच, फार तर दोन ठेवाव्यात. गेन गिटारला ठेवता त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आणावा. कॉम्प्रेसर बंद, कारण डिस्टॉर्शन स्वतःच आवाज दाबून सारखा करतो आणि त्यात पुन्हा कॉम्प्रेसर घातला तर दोन स्वरांमधल्या फटीत कळांची खटखट वर येते. या खटखटीवर सर्वांत चांगलं औषध म्हणजे स्पीकरची नक्कल, म्हणजे ज्याला पेटीत कॅब म्हणतात ती चालू ठेवणं. खटखटीचा बोचरा भाग पाच हजार हर्ट्झच्या वर असतो आणि कॅब तोच कापते. नॉइज गेटवर विसंबू नये. खटखट स्वराच्या जोडीनेच येते, त्यामुळे गेट तिला आत सोडतो आणि स्वराची शेपटी मात्र तोडतो. रस्त्यावर आवाज परतवायला भिंती नसतात, म्हणून थोडा डिले हवा. साधारण तीनशे ते साडेतीनशे मिलिसेकंद, एक किंवा दोनच पडसाद. अ‍ॅम्प निवडताना मेटलचे सगळे बाजूला ठेवून व्हॉक्सच्या घराण्यातला एखादा घ्यावा, म्हणजे चाल कापडासारखी सुळसुळीत न होता ठसठशीत राहते.

बेंजोचा पिकअप बऱ्याचदा हाताने गुंडाळलेला असतो. कोणाचा फार जोरकस, कोणाचा मरतुकडा. प्रोसेसरला इनपुट लेव्हल नावाची सेटिंग असेल तर पहिलं काम ती जुळवण्याचं. सर्वांत जोरात छेडल्यावर लाल दिवा लागता लागता राहावा, इतकी. दिवा लाल झाला तर आत शिरतानाच आवाज फाटलेला असतो आणि तो डिजिटल फाटलेपणा कानाला अजिबात गोड लागत नाही.

आता मांडवात जाऊ. गावाकडच्या कार्यक्रमात अजूनही पुष्कळ ठिकाणी अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगे किंवा कॉलम असतात. त्या अ‍ॅम्प्लिफायरवर माइकसाठी वेगळ्या जागा असतात आणि ऑक्स नावाची वेगळी. साउंडवाला सवयीने जॅक माइकच्या जागी खुपसतो. माइककडून येते हजारांश व्होल्टमधली वीज, प्रोसेसरकडून येते व्होल्टच्या आसपासची. शेकडो पट जास्त वीज अंगावर आल्यावर तो अ‍ॅम्प्लिफायर फाटक्या आवाजात बोंबलणारच. मग साउंडवाला म्हणतो, तुझा प्रोसेसर खराब. वाजवणारा म्हणतो, तुझी मशीन खराब. जॅक काढून ऑक्समध्ये घाला, भांडण मिटतं. मोठा मिक्सर असेल तर डीआय बॉक्स जवळ ठेवा. तो प्रोसेसरची लेव्हल उतरवून माइकच्या तारेतून लांबपर्यंत शुद्ध नेतो. साउंडवाल्याकडे तो असतोच असं नाही, म्हणून आपल्या पिशवीत हवा.

दुसरी तपासणी कॅबची. जवळजवळ प्रत्येक प्रोसेसरमध्ये आवाज कुठे जाणार आहे हे सांगायची एक जागा असते. लाइन, अ‍ॅम्प, कॉम्बो, हेडफोन, असं काहीतरी. हा मेनू वर्षानुवर्षं न उघडणारी माणसं मला माहीत आहेत. डीजेचे टॉप पंधरा-सोळा हजार हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने फेकतात. कॅब बंद ठेवून डिस्टॉर्शन त्यांत सोडलं की गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचराट होतो. तेव्हा मांडवात, मिक्सरला, हेडफोनला कॅब चालू. क्लासमधल्या किंवा घरच्या गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या जॅकमध्ये जायचं असेल तर कॅब बंद, कारण तिथे खरा गिटार स्पीकर बसलेलाच आहे आणि दोन स्पीकर एकापुढे एक लागले की आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबतो.

पेटीतली कॅब आवडत नसेल तर बाहेरची घालता येते. तिला आयआर म्हणतात. एखाद्या स्पीकरपुढे विशिष्ट जागी माइक ठेवून घेतलेला सेकंदाच्या काही शतांशांचा हा आवाज, साध्या वेव्ह फाइलमध्ये. हजारो मिळतात, आणि तीच त्यातली पीडा आहे. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅक किंवा व्हिंटेज ३० या स्पीकरची एक निवडा आणि वर्षभर तीच ठेवा. रोज आयआर बदलणाऱ्याचा हात कधी स्थिर होत नाही. आणि गावाकडचा साउंड मोनो असतो हे गृहीत धरा. डावीकडून उजवीकडे उड्या मारणारा डिले घरी हेडफोनवर मजा देतो, मांडवात एकच तार जोडली की अर्ध्या उड्या गायब होतात. ज्या जॅकवर मोनो लिहिलंय तोच वापरा.

विजेचा प्रश्न या विषयावरच्या परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, आणि आपल्याकडे तो पहिला. कागदावर दाब २३० व्होल्ट. संध्याकाळी मांडवाच्या झुंबरांची रोषणाई, मंगल कार्यालयाची मोटर आणि शेजारच्या डीपीवरचे आकडे एकदम ओढायला लागले की दाब दीडशे-पावणेदोनशेवर कधी येतो कळत नाही. जुन्या वजनदार ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमधून बाहेर येणारा दाबही त्याच प्रमाणात पडतो आणि प्रोसेसर गाण्याच्या मध्यावर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो या पडझडीत तग धरतो. प्रोसेसर विकत घेताना पडद्याचा आकार बघण्याआधी हा मजकूर वाचा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असता तर अशा विजेवर तो आधी मलूल वाजला असता. गरिबाघरच्या या नकलेने अस्सलावर मात केली ती इथे.

पेडल आणि प्रोसेसरचे बहुतेक अडॅप्टर ९ व्होल्टचे, आणि त्यांच्या पिनेत मधोमध मायनस असतो. कॅसिओवाल्याकडचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. प्लस-मायनस उलटं निघालं तर पेटी जागेवर जाते. आवाजात सतत घुमणारा हुंकार येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा असतो, आणि बहुधा स्टेज आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणच्या सॉकेटवर असल्याने. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, नाहीतर दोघांनी एकाच ठिकाणाहून लाइन घ्या. अर्थिंगची पिन तोडून हुंकार घालवायची पद्धत काही जण शिकवतात. ती कानाआड करा. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठांना माइक लागला असताना अर्थिंग नसलेल्या मांडवात काय होतं, हे करून बघण्याची गोष्ट नाही.

पॅच बनवायचा केव्हा आणि कुठे, यावर लोक सर्वांत कमी विचार करतात. दोन खोल्यांच्या घरात रात्री हेडफोन लावून पॅच बनतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहेच, शिवाय घरचे आणि शेजारचे दहाच्याही आधी ओरडतात, म्हणून हेडफोनला इलाज नाही. पण हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलं. त्यामुळे घरी आपण नकळत बेस आणि ट्रेबल चढवतो, मधले स्वर उतरवतो, आणि आवाज मोठा रुबाबदार वाटतो. तोच पॅच कार्यक्रमात मोठ्याने सोडला की खाली गडगडाट, वर चिरकी, आणि मध्ये जिथे गिटार असायला हवी तिथे काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत हलगी, ऑक्टोपॅड आणि कॅसिओ आरामात पाय पसरतात.

म्हणून पॅच मांडवातच पक्का करावा. कार्यक्रमाच्या तासभर आधी जाऊन, खऱ्या आवाजाला, हलगीवाल्याला सोबत वाजवायला लावून. शंभर हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ते बेस गिटारचं आणि ढोलाचं आहे. भोंगा असेल तर तो खालचे स्वर वाजवतच नाही, तिथे बेस चढवणं म्हणजे मशीनला फुकट दमवणं. पाच-सहा हजारांच्या वरचंही कापा. मधले स्वर चढवा, घरी ऐकल्यावर थोडं नाकातलं वाटेल इतके चढवा. लीडला गेन वाढवू नका, आवाज तीन-चार डेसिबल वाढवा. गेन वाढवला की स्वर लांबतो पण मागे जातो. एक स्वच्छ, एक किंचित खरखरीत, एक लीड, एवढे तीन पॅच ज्याचे नीट जुळले त्याला ऑर्केस्ट्राची रात्र निभावता येते. दोनशे पॅच असलेला माणूस रात्रभर खाली वाकूनच दिसतो.

खरेदीबद्दल फार लिहीत नाही, कारण मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात. झूम, न्यूएक्स, मूअर, व्हॅलेटॉन, बॉस यांच्या लहान पेट्या काही हजारांत मिळतात आणि लाइन सिक्सच्या हेलिक्स किंवा न्यूरलच्या क्वाड कॉर्टेक्सपर्यंत गेलं तर आकडा लाखाच्या पुढे जातो. खोक्यावर किती अ‍ॅम्प छापलेत ते मोजू नका. किती बटणं पायाने दाबता येतात, ती चप्पल घालून दाबता येतात का, अंधारात आकडा वाचता येतो का, आयआर घालता येते का, ऑक्सला किंवा मिक्सरला जायला धड मोनो जॅक आहे का, हे मोजा. माझ्या मते वरातीच्या टेम्पोवर लाखाची पेटी नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. उरलेल्या पैशांत गिटारचं सेटिंग करून घ्यावं, चांगली तार, डीआय बॉक्स आणि दुसरा अडॅप्टर घ्यावा. जुना प्रोसेसर घेताना प्रत्येक फूटस्विच दहादा दाबून बघा आणि जॅक हलवून बघा. पॅचचा आवाज ऐकून भुलू नका. बिघडलेला प्रोसेसर दुरुस्त करणारा माणूस गावात नाही, आणि पेटी पुण्याला पाठवायची तर ऐन हंगामात महिना जातो.

मोबाइलवरच्या अ‍ॅपबद्दल विचारणारे पुष्कळ. शिकायला उत्तम, स्टेजवर नको. छेडल्यापासून ऐकू येईपर्यंत जो उशीर लागतो तो पेटीत दोन-चार मिलिसेकंदांचा असतो. आवाज एका मिलिसेकंदात हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी नऊएक मिलिसेकंदांचा उशीर निसर्गच करतो. पेटीचा उशीर त्यात विरून जातो. पुष्कळशा अँड्रॉइड फोनमध्ये तो काही पटींनी जास्त असतो. ब्लूटूथ हेडफोन जोडला तर शंभर-दीडशेच्या पुढे जातो, आणि मग हात एकीकडे, ताल दुसरीकडे.

पुस्तिकेची मांडणी उलटी आहे, तेवढं सांगतो. पहिलं प्रकरण भोंगे, कॉलम, टॉप आणि मिक्सरचं. दुसरं विजेचं. पेटीच्या आत काय आहे ते तिसऱ्यात येतं, आणि अ‍ॅम्पच्या घराण्यांची ओळख त्याच्याही नंतर. बेंजोवाल्यांनी पाचवं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. त्यात तारा गप्प करण्यापासून टेम्पोवर पेटी बांधण्यापर्यंत सगळं एकत्र दिलं आहे. किमती कुठेच छापलेल्या नाहीत. शेवटची चार पानं कोरी आहेत. त्यावर प्रत्येक मांडवाचं नाव, तिथला साउंड कसला होता, जॅक कुठे लावला आणि कुठलं बटण कितीवर होतं ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच गावची सुपारी आली की तासाभराचं काम दहा मिनिटांत उरकेल.